‘येत नाही’ म्हणण्याचा हिवाळा

काल सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर थेंब पडेना. मी मनात म्हटलं, आली थंडी. दिल्लीत थंडीची वर्दी पहिल्यांदा न्हाणीघरातच मिळते. मग बघता बघता आमच्या द्वारका उपनगरातल्या सगळ्या बाल्कन्यांच्या कठड्यांवर रजया पडतात, डांबरगोळ्यांचा वास जिन्यापर्यंत येतो, आणि भाजीवाल्याच्या गाडीवर ती लालभडक गाजरं दिसायला लागतात, जी फोनवर पाहून माझी पुण्याची बहीण दर वर्षी विचारते, "रंग दिलाय का गं त्यांना?" सकाळचं धुकं इतकं दाट, की समोरची इमारत तिथे आहे हे आठवणीवरच मानायचं. विमानं मात्र डोक्यावरून जात राहतात. दिसत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते.

आणि मग दुपारी ऊन येतं. या उन्हाबद्दल मी जरा जास्तच बोलते अशी आमच्या घरात तक्रार आहे. बोलते तर बोलते. अख्खी सकाळ दोन मोजे, कानटोपी आणि स्वेटरवर स्वेटर अशा अवतारात काढल्यावर ते ऊन पाठीवर पडतं तेव्हा माणूस आपोआप भला होतो. उन्हाला पाठ देऊन मटार सोलणाऱ्या बाईने कोणाबद्दल वाईट बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. निदान मटार संपेपर्यंत नाही.

या उन्हात बसलं की मला काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात आम्ही सगळे, म्हणजे गुडघे कुरकुरायला लागलेली, बरीचशी निवृत्त झालेली माणसं, दर रविवारी गच्चीवर शाळेत जात होतो.

आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत मिळून डझनभर तरी मराठी घरं आहेत. बहुतेक सगळी केंद्र सरकारच्या नोकरीतली. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून दिल्लीला आलेली आणि मग मुलांची शाळा, मग बारावी, मग कॉलेज असं करत इथेच राहून गेलेली. गणपती, दिवाळीचा फराळ, संक्रांतीचं हळदीकुंकू एवढा आमचा कार्यक्रम ठरलेला असे. त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं, की मुलांसाठी एवढं काय काय चालतं, प्रौढांसाठीही काहीतरी व्हायला हवं. व्यक्तिमत्त्व विकास वगैरे.

म्हणून दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यांमध्ये असली व्याख्यानं देणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. गच्चीवर खुर्च्या मांडल्या. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि घुमणाऱ्या आवाजात सांगितलं, "अब अपने अंदर के बच्चे से मिलिए." दिवाळीनंतरचं कोवळं ऊन, पोटात रविवारचे पोहे, आणि वर डोळे मिटायची अधिकृत परवानगी. आतलं मूल कोणाला भेटलं ते माहीत नाही, पण पहिल्या रांगेतले जोगळेकरसाहेब घोरायला लागले. ते सचिवालयात फार वरच्या पदावरून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना हलवायची कोणाची हिंमत होईना. व्याख्याते बिचारे घोरण्याच्या वर आवाज चढवत राहिले.

ते गेल्यावर चहा पिताना माझा नवरा अनिल म्हणाला, "यार, आतलं मूल राहू द्या. मला मोबाइलवरून विजेचं बिल भरता येत नाही. ते कोणी शिकवेल का?"

त्या एका वाक्यातून आमची शाळा निघाली. आणि तिची रीतही तिथेच, चहाच्या कपांवर ठरली. दर हिवाळ्यात पहिल्या रविवारी प्रत्येकाने उन्हात उभं राहून, मोठ्याने, आपल्याला या वयात काय येत नाही ते एक सांगायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही. ज्याला ते येत असेल त्याने हात वर करायचा, की झाला तो मास्तर. फक्त शिकवणाऱ्याने बदल्यात शिकणाऱ्याकडून काहीतरी शिकायचं, म्हणजे कोणी डोक्यावर चढणार नाही. शेवटची अट बायकांनी एकमताने घातली: नवरा-बायको एका वर्गात नकोत.

ऐकायला सोपं वाटतं. पण जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ‘मला येत नाही’ हे तीन शब्द उच्चारायला सांगून बघा. आमच्याकडे ‘प्रकरण तपासून पाहतो’ असतं, ‘हा विषय आमच्या शाखेचा नाही’ असतं. येत नाही, असं नसतं. मी स्वतः तीस-एक वर्षं नोकरी केली, मला विचारा.

तरी त्या रविवारी एकेक जण उठत गेला. कोणाला इंग्रजीत फोनवर बोलता येत नव्हतं. एकीला बँकेत एकटीने जाता येत नव्हतं, आणि ती ते सांगताना इतकी लाजली की तिच्या शेजारणीने तिचा हात धरला. कांबळे म्हणून आमच्यातले एक, अजून नोकरीत असलेले, अगदी मितभाषी. ते म्हणाले, "मला भाजी चिरता येते, पण पुढे काय करायचं ते येत नाही." मी म्हटलं, "मला सायकल येत नाही." सत्तावन्न वर्षांच्या बाईने हे सांगितल्यावर न हसण्याचा नियम जरा डळमळला, विशेषतः अनिलच्या बाजूला. जोगळेकरसाहेबांची पाळी आली तेव्हा ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बऱ्याच विषयांची माझी तोंडओळख आहे. स्वयंपाकाच्या वर्गात निरीक्षक म्हणून बसायला माझी हरकत नाही."

मग मुजावरसाहेब उठले.

ते मूळचे मिरजेचे, पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, आणि त्या दिवसांत तर फारच वाळलेले. त्यांची बायको रेहानाभाभी त्याच उन्हाळ्यात गेली होती. ती असताना तिने त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हाताने घेऊ दिला नव्हता. ते उन्हाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "मला भूक लागली की काय करायचं ते येत नाही."

कोणी हसलं नाही. नियमामुळे नव्हे.

खरं तर आम्हाला सगळं माहीत होतं. स्वयंपाकाला बाई ठेवून झाली होती. ती धुकं पडलं की यायची नाही आणि गावी गेली की परतायची नाही. डबा लावून झाला होता, त्यात रोज पनीर. आणि मग दसऱ्याच्या सुमाराला मुजावरसाहेब गॅसवर दूध ठेवून झोपी गेले. पातेलं काळं ठिक्कर पडलं, धूर जिन्यात आला, शेजाऱ्यांनी दार ठोठावून उठवलं. ते बंगळूरला त्यांच्या मुलाच्या, इरफानच्या कानावर गेलं. इरफान गुणी मुलगा. त्याने फोनवर शांतपणे सांगितलं, "अब्बा, आता बिल्कुल नाही. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला मी येतोय. तुम्ही स्वतःचं करून खाताय असं मला दिसलं तर ठीक, नाहीतर येताना एक तिकीट आहे, जाताना दोन असतील."

"चांगलंच आहे की," मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं. "मुलगा प्रेमाने बोलावतोय."

"प्रेमानेच बोलावतोय, वहिनी," ते म्हणाले. "पण तिथे मी इरफानचा अब्बा. सकाळी उठायचं आणि तो ऑफिसहून परत यायची वाट बघायची. इथे मी मुजावर आहे. खाली उतरलो की चार माणसं हाक मारतात. या घरात रेहानाने लावलेली कढीपत्त्याची कुंडी आहे. मला सामानासारखं जायचं नाही."

म्हणून मी हात वर केला, आणि मुजावरसाहेब, कांबळे आणि निरीक्षक जोगळेकर यांची मास्तरीण झाले.

गच्चीच्या एका कोपऱ्यात शेगडी मांडली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली, फक्त जाताना प्रत्येक वेळी वाटीभर नमुना मागून घेतला. मुजावरसाहेबांना शिकायचा होता अख्खा मसूर. त्यांच्या भागातला तो लाडका पदार्थ, भाभीच्या हातचा तर आम्हीही बोटं चाटून खाल्लेला. मसूर शिजला पाहिजे, पण फुटता कामा नये. कांदा अगदी लाल होईपर्यंत परतायचा, गावाहून आलेला कांदा-लसूण मसाला घालायचा, वर लिंबू. मी म्हटलं, यात काय आहे? एका रविवारचं काम.

वर्गाच्या पहिल्याच रविवारी मला माझं अज्ञान कळलं. तीन सरकारी माणसं एका शेगडीभोवती उभी केली की काय होतं, याची मला कल्पना असायला हवी होती. ती आपोआप ज्येष्ठतेनुसार उभी राहिली. सगळ्यात धाकटे कांबळे चिरत होते, मुजावरसाहेब कढईपाशी, आणि त्यांच्या मागे हात पाठीशी बांधून जोगळेकर. तेल तापलं. मोहरी तडतडली. कांदा पडला, लाल झाला. मी सांगून ठेवलं होतं की कांदा लाल झाला की टोमॅटो टाका, आणि दोन मिनिटं खाली फोन घ्यायला गेले होते. वर आले तर धूर. कांद्याचा कोळसा झालेला. कांबळे हातात टोमॅटोची ताटली घेऊन मुजावरसाहेबांकडे बघत होते, मुजावरसाहेब मान वळवून जोगळेकरांकडे बघत होते, आणि जोगळेकर कढईकडे बघत विचार करत होते.

"अहो, टाकला का नाही?" मी विचारलं.

"लाल झाला की नाही हे अजून ठरायचं होतं," मुजावरसाहेब म्हणाले.

अशी ती फोडणी मंजुरीची वाट बघत जळून गेली. दुसऱ्या कुठल्या जमातीच्या माणसांनी अशी चूक केली असेल असं मला वाटत नाही. पुढच्या रविवारी मी ‘मीठ चवीपुरतं’ म्हटलं, तर जोगळेकरांनी फार गंभीरपणे विचारलं, "चवीपुरतं म्हणजे कोणाच्या? अंतिम अधिकार कोणाचा?" मी म्हटलं, "ज्याला खायचंय त्याचा." ते या उत्तरावर बराच वेळ विचारात पडले होते. मला वाटतं, असं उत्तर त्यांना आयुष्यात कोणी दिलं नसावं.

मी चांगली मास्तरीण नव्हते. मला धीर नाही. "पाणी किती?" असं मुजावरसाहेब विचारत आणि मी म्हणे, "अंदाजाने." "मसूर शिजला हे कसं कळतं?" "अंदाजाने." माझ्या आईने मला तसंच शिकवलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं. ते मान डोलवत आणि पुन्हा चुकत. एकदा मी वैतागून म्हटलं, "इतकं सोपं आहे हो." त्यांचा चेहरा उतरला. वर्ग संपल्यावर ते कढई घासत बसले, आणि मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या, एवढं येतं."

ते मला लागलं. पण ते नीट कळलं मात्र सायकलवर.

कारण नियमानुसार मला त्यांच्याकडून शिकायचं होतं. मिरजेत ते कॉलेजभर सायकलवर हिंडलेले. दर शनिवारी सकाळी, धुकं जरा विरलं की, सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर आमचा तास. सलवार मोज्यात खोचलेली, डोक्याला मफलर, आणि मागून सीट धरून मुजावरसाहेब. "पुढे बघा, वहिनी. हँडलकडे नाही, रस्त्याकडे."

"पण तोल कसा सांभाळायचा?"

"तो येतो आपोआप."

आपोआप. मी तीनदा मेंदीच्या कुंपणात गेले. गेटवरचा रखवालदार दर वेळी खुर्चीतून अर्धवट उठे आणि म्हणे, "मॅडम, आराम से, आराम से." चौथ्यांदा मी गुडघा फोडून घेतला, रस्त्याच्या कडेला बसले आणि चक्क डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून कमी, लाज वाटली म्हणून जास्त. मी म्हटलं, "तुम्हाला येतं म्हणून तुम्ही म्हणता आपोआप. मला येत नाही तर मी काय करू?"

मुजावरसाहेब माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. खिशातून गजकचा, म्हणजे इथल्या तीळगुळाच्या वडीचा, तुकडा काढून मला दिला. मग हळूच म्हणाले, "मला अंदाजाने म्हणता तेव्हा असंच होतं."

आम्ही दोघं गजक खात बसलो. मला हसू आलं, मग त्यांनाही आलं. त्या सकाळी मला जे कळलं ते कुठल्या व्याख्यानात कळलं नसतं. ज्याला येतं त्याला आपण कसं शिकलो ते आठवत नाही, आणि म्हणून तो शिकवताना असले पोकळ शब्द फेकतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ‘अंदाजाने’ म्हटलं नाही. त्यांचं बोट धरलं आणि पातेल्यात बुडवलं. म्हटलं, मसुराच्या वर बोटाचं एक पेर पाणी. शिजला का बघायला दाणा दोन बोटांत धरून दाबायचा. पिठासारखा झाला पण सालात राहिला, की गॅस बंद. ते त्याच दिवशी जमलं. आणि त्यांनीही मला सांगितलं, की पेडल मारू नका, आधी नुसते पाय जमिनीवर टेकवत उतारावरून घसरत या. तेही जमलं. आजही मी भाजी आणायला सायकलने जाते. सोसायटीतली पोरं वाट सोडून उभी राहतात, ती आदराने की भीतीने, हे मी विचारलेलं नाही.

त्या हिवाळ्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे. गच्चीवर वाळत घातलेल्या रजया, त्यांच्या आडोशाला बसून मोबाइलवर बिल भरणारा अनिल, दुसऱ्या कोपऱ्यात बँकेची चिठ्ठी भरण्याचा सराव करणारी ती लाजरी बाई, जी पुढे सगळ्यांना बँकेत सोबत द्यायला लागली. शेंगांच्या टरफलांचा खच. गच्चीवर वारा सुटला की शेगडी विझायची आणि कांबळे न बोलता आपला अंगावरचा कोट धरून आडोसा करून उभे राहायचे. म्हातारपणी शिकण्यात एक गंमत आहे. लहानपणी आपण परीक्षेसाठी शिकलो, तरुणपणी पोटासाठी. आता नापास झालो तर कोणी छडी मारणार नाही आणि पास झालो तर बढती नाही. नुसतं शिकणं उरतं, आणि ते फार गोड लागतं.

मुजावरसाहेबांना मात्र परीक्षा होती. आणि ती जवळ येत चालली होती.

इरफान आला तो दिवस मला लख्ख आठवतो. धुकं उतरतच नव्हतं, त्याचं विमान उशिरा आलं. मुजावरसाहेबांनी आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "वहिनी, उद्या कोणी यायचं नाही. जे होईल ते मीच करणार." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. सकाळी अकरापर्यंत पाळलंही. मग मला दिसायला लागलं, की त्यांचा कांदा जळालाय, इरफान कढईत डोकावतोय, आणि दुसरं तिकीट खिशातून बाहेर येतंय. मी मसूर शिजत घातला. नुसता असू द्यावा म्हणून. वेळ आलीच तर मागच्या दाराने आत सरकवता येईल, असा विचार. आमच्या फ्लॅटना मागचं दार नाही, हे त्या क्षणी मला आठवलं नाही.

दुपारी शालीखाली डबा धरून मी लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि जोगळेकरसाहेब आत आले. लांब ओव्हरकोट, आणि पोटापाशी काहीतरी फुगलेलं, वर टॉवेल. "नमस्कार," ते म्हणाले. "नमस्कार," मी म्हटलं. चौथ्या मजल्यावर कांबळे आले. त्यांच्या हातात सरळ सरळ स्टीलचा डबा होता. लपवायची कला त्यांना अवगत नव्हती. लिफ्टचं दार बंद झालं आणि ती एवढीशी पेटी कांदा-लसूण मसाल्याच्या वासाने भरून गेली. तिघंही मजल्यांचे आकडे बघत होतो.

"तुम्ही कुठे?" शेवटी जोगळेकरांनी विचारलं.

"सातव्यावर," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले. "मीही."

दार इरफाननेच उघडलं. "काकू, या ना." आत टेबलावर ताटं मांडलेली. मुजावरसाहेब स्वयंपाकघरातून कढई घेऊन बाहेर येत होते, ॲप्रन बांधलेला, कपाळावर घाम. आम्हाला बघून ते जागीच थांबले. मी शाल सावरायला गेले आणि डबा दिसला. जोगळेकरांच्या कोटातून टॉवेलात गुंडाळलेला छोटा कुकर निघाला. कांबळेंनी आपला डबा टेबलावर ठेवला, कारण त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

इरफानने एकेक झाकण उघडलं. मसूर. मसूर. मसूर. मग त्याने वडिलांच्या हातातल्या कढईकडे पाहिलं, आणि आमच्याकडे. त्याचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. मला त्या क्षणी आपण काय करून बसलो ते कळलं. मुलाला दाखवायचं होतं की वडील स्वतःचं करतात. आणि आम्ही तिघं तीन भांडी भरून पुरावा घेऊन आलो होतो, की त्यांच्याच माणसांना त्यांचा भरवसा नाही. मुजावरसाहेबांनी कढई टेबलावर ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

"अब्बा," इरफान म्हणाला, "म्हणजे जेवण रोज हे लोक पाठवतात?"

कांबळे बुटांकडे बघत होते. माझी वाचा बसली होती, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना हे किती दुर्मीळ आहे ते कळेल.

तेव्हा जोगळेकरसाहेब पुढे झाले. त्यांनी ओव्हरकोटाची बटणं काढली, घसा साफ केला. "इरफान," ते म्हणाले, "तुझे वडील आमच्या वर्गात पहिले आहेत. आम्ही तिघं मागे आहोत. हे आम्ही त्यांना दाखवायला आणलंय. माझा कांदा दर वेळी बिघडतो." ते थांबले. मग अगदी सरळ म्हणाले, "मला येत नाही."

मुजावरसाहेबांनी जोगळेकरांकडे बघितलं. मग त्यांनी चमचा उचलला, कुकरमधला मसूर चाखला, डोळे बारीक केले. "घाई केलीत, साहेब. कांदा कच्चा आहे." कांबळेंच्या डब्यातला चाखला. "मीठ जास्त." मग माझा. "वहिनी, तुमचा बरा आहे. पण दाणा फुटलाय."

माझा दाणा फुटला नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी मान खाली घालून म्हटलं, "फुटतोच माझा. काय करू?"

मग सगळेच जेवायला बसलो. मुजावरसाहेबांनी कढईतला मसूर वाढला. पोळ्या कुठल्याच आकाराच्या नव्हत्या, पण कच्च्या नव्हत्या. इरफान जेवत होता. अर्धी पोळी झाल्यावर म्हणाला, "अम्मीसारखा नाही झाला."

मी घाईघाईने पाण्याचा पेला उचलला.

"नाहीच होणार," मुजावरसाहेब शांतपणे म्हणाले. "हा माझा आहे."

इरफानने वाटी पुढे केली. "अजून वाढा."

जेवणं झाली. आम्ही आपापली भांडी गोळा केली आणि चोरासारखे निघालो. इरफान लिफ्टपर्यंत सोडायला आला. जोगळेकर आणि कांबळे पुढे होते. तो माझ्या शेजारी थांबला आणि आवाज खाली करून म्हणाला, "काकू, ते डबे कशाला आले होते ते मला कळलंय."

लिफ्ट तळमजल्यावरून वर येत होती.

"तिकडे आमच्या मजल्यावर चार घरं आहेत," तो म्हणाला. "एकाचंही नाव मला माहीत नाही. अब्बांसाठी तर सोडा, माझ्यासाठीसुद्धा इतकं खोटं बोलणारं तिकडे कोणी नाही." त्याने डोळे मिचकावून पाणी मागे घेतलं. "मी एकटाच जातो परत. ते राहू देत इथेच."

आतून मुजावरसाहेबांचा आवाज आला. "इरफान, दार लाव, गारठा आत येतोय. आणि ये इकडे, भांडी पुसायचीत."

"आलो, अब्बा," तो म्हणाला, आणि बाह्या वर करत आत गेला.